जोडावरचं फूल

"पुन्हा जोड दिसतोय," म्हणत सुमित्राआत्याने माऊस ढकलून दिला.

इचलकरंजीच्या साड्यांसाठी तीस वर्षं वेलबुट्टी काढणाऱ्या आत्याचा हात आता कंपवाताने थरथरायचा. त्यामुळे साडीभर पुन्हा पुन्हा छापायच्या नक्षीच्या चौकोनाच्या कडा जुळत नव्हत्या आणि चौकोनाशेजारी चौकोन मांडला की जोडावर वेल तुटायची. नमुना शुक्रवारी गेला नाही, तर कारखाना दुसरा कलाकार बघणार होता.

भाची ईश्वरी चित्रकलेचं सॉफ्टवेअर लिहायची. कडा जुळवण्यासाठी तिने त्यात केलेली तीन साधनं फसली होती.

"राहू दे गं. माझं संपलं," आत्या रडत म्हणाली.

"आत्या, कागदावर कसं करायचीस?" ईश्वरीने अगतिकपणे विचारलं.

"चौकोन मधोमध कापायचा, तुकड्यांची अदलाबदल करायची, म्हणजे बाहेरच्या कडा मध्ये येऊन भिडतात, आणि त्या जोडावरच फूल काढायचं."

ईश्वरीने दोन दिवस खपून सगळं नव्याने लिहिलं. आता उजव्या कडेबाहेर गेलेली रेघ त्याच क्षणी डावीकडून आत येत होती. जुळवायचं काही उरलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आत्याने वेल काढली. हात थरथरला तशी वेलही वळली, पण तुटली नाही. चौकोनाशेजारी चौकोन मांडत संगणकाचा पडदा नक्षीने भरला. आत्या त्यावर बोट फिरवत जोड शोधू लागली.

"कुठंय गं?" तिने विचारलं.

ईश्वरीलाही तो दाखवता आला नाही.