नवा लेफ्ट-बॅक

चांद्याजवळच्या खाणीच्या संघात मॅनेजरसाहेबांनी स्वतः जंगलातून आणलेला नवा लेफ्ट-बॅक, लालसू, आज पहिल्यांदा मैदानात उतरला होता. अनवाणी पायांनी चेंडू घेऊन तो डाव्या कडेनं असा सुटायचा की समोरचे नुसते बघत राहायचे. पण गोल समोर आला की चेंडू सोडून जमिनीवर पालथा पडायचा. दर वेळी. गोलामागे खुर्ची टाकून बसलेले साहेब तरीही टाळ्या वाजवत होते.

"पाय हायेत, छाती नाई," कडेला उभे असलेले जुने खेळाडू बापूजी म्हणाले. "घाबरट हाय. काढून टाक त्याले."

कप्तान लटारू चिडून लालसूजवळ गेला. "काऊन पडतं रे इथी येऊन?"

लालसूनं मातीतून मान वर केली नाही. "शिकारीच्या हाक्यात आमी रान उठवत येतो. समोर बंदूकवाला दिसला का निजून जावं लागते. माहा भाऊ उभाच राह्यला. गोळी त्याले लागली."

"इथी कुठी हाय बंदूकवाला?"

लालसूनं पडल्या पडल्याच खुर्चीकडे बोट केलं. "तो काय बसला. भाऊ गेला म्हून तर त्यानं मले नोकरी देल्ली."