दाढीवाले सर

गच्चीवरची टाकी धुवायची होती आणि तळाची तोटी गंजून बसली होती. प्लंबरने नळी पाण्याने भरली, दोन्ही तोंडं अंगठ्यांनी दाबून धरली, एक टोक टाकीत बुडवलं, दुसरं खाली सोडलं. पाणी टाकीचा काठ चढून धो धो वाहायला लागलं.

"मोटर नाही, काही नाही. मग हे वर चढतं कसं?" घरमालक आजोबांनी विचारलं.

"बाहेरची बाजू लांब, म्हणून तिच्यातलं पाणी जड. ते पडताना मागच्याला ओढून नेतं. मध्ये हवा शिरली की खेळ खलास."

"कुठे शिकलात?"

"टीव्हीवर. लहानपणी विज्ञानाची मालिका लागायची ना, त्यातल्या दाढीवाल्या सरांकडून. शाळेत दोनदा गचकलो, पण त्यांचा एक भाग चुकवला नाही. शेवटी विचारायचे, 'शिरलं का डोक्यात, मंडळी?' माझ्या शिरलं. त्यावरच घर चालतंय."



"माझ्या नव्हतं शिरलं," आजोबा म्हणाले. "नट होतो हो मी. लिहून दिलेलं घडाघडा म्हणायचो. दाढीसुद्धा खोटीच होती." मग उलटी बादली ओढून ते तिच्यावर बसले. "आता सांगा परत. जरा सावकाश."