तिसरा खुंटा

"रविवारपर्यंत कशाला थांबायचं? आजच उतरवतो. त्याच्या डोळ्यांदेखत उतरवतो." कार्पिंगने कमरेचा पट्टा आवळला आणि मनोऱ्याच्या पहिल्या सळईवर पाय ठेवला.

"एकटा नको चढूस," फिना म्हणाली. "रविवारी रेडिओ क्लबची माणसं येतायत ना?"

"क्लबला काय सांगू? सख्ख्या भावाने माझा मनोरा पाडायला लावला म्हणून?"

बायकोच्या उत्तराची वाट न बघता तो चढू लागला. साठ फुटी तिकोनी मनोरा, टोकावर आडवा अँटेना. रोज संध्याकाळी तो इथूनच जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांशी गप्पा मारायचा. फिलिपिन्समधल्या या बिकोल भागात किती तुफानं आली आणि गेली, पण मनोरा हलला नव्हता. तीन बाजूंनी पोलादी तारांचे ताण होते. एक खुंटा त्याच्या परसात, एक चर्चच्या आवारात आणि तिसरा कुंपणापलीकडे, धाकट्या सेल्मोच्या वाडीत. त्या तिसऱ्याचा खड्डा सेल्मोनेच खणला होता. काँक्रीट त्यानेच ओतलं होतं, वर सगळ्यांना डुकराच्या मटणाचं जेवणही त्यानेच घातलं होतं.

आणि थोरल्या भावाला 'मनोय' म्हणणाऱ्या त्याच सेल्मोने या महिन्यात बारांगायच्या, म्हणजे गावाच्या, कप्तानापुढे उभं राहून सांगितलं, "मनोयला म्हणावं, माझ्या वाडीतली तार काढून ने. माझी म्हैस अडखळते."

म्हैस. नुसतं आठवलं तरी कार्पिंगच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दोन ताणांवर मनोरा उभा राहत नाही, हे सेल्मोला ठाऊक नव्हतं थोडंच. "माझ्याशी बोल की, कप्तानाआड काय लपतोस?" असं त्याने भर सभेत विचारलं, तेव्हा सेल्मो खाली मान घालून बसला. तेव्हापासून कार्पिंग रोज कुंपणाशी उभा राहून त्याला शिव्या घालत होता. पलीकडून एकदाही उत्तर आलं नव्हतं, त्यामुळे तो जास्तच भडकायचा.

चढता चढता त्याला धाप लागली. गेल्या वर्षी इथेच त्याला चक्कर आली होती. तो पट्ट्याला लोंबकळत राहिला आणि सेल्मोनेच वर चढून त्याला खाली आणलं. डॉक्टरांनी चढायला बंदी केली. फिनाने रडून घर डोक्यावर घेतलं. पण बरं वाटल्याबरोबर गडी पुन्हा वर. मग मात्र फिना गप्प झाली, तिने मनोऱ्याचं नाव काढणंच सोडलं. शेवटी समजलं हिला, असं म्हणून कार्पिंग खूश झाला होता.

चढण्याआधी तिन्ही खुंटे फिरून बघायचे, एकेक ताण ओढून बघायचा, हे क्लबात नवीन येणाऱ्याला तो स्वतः शिकवायचा. आज त्याने दोनच बघितले. तिसऱ्यासाठी सेल्मोच्या जमिनीवर पाऊल ठेवावं लागलं असतं, आणि ते तो मेला तरी ठेवणार नव्हता.

टोकाला पोचून त्याने पट्टा अडकवला आणि अँटेनाचा पहिला बोल्ट सैल केला. तेवढ्यात वाडीतून आरडाओरडा ऐकू आला. सेल्मो केळींमधून पळत येत होता. हातात कोयता. तो थेट खुंट्यापाशी गेला आणि नारळाआड वाकला. कोयता वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला. मनोरा कचकन हलला आणि वाडीच्या उलट बाजूला कलू लागला.

खाली फिना किंचाळली. पोलादी तार कोयत्याने तुटत नाही, हे कार्पिंगला झोपेतही सांगता आलं असतं. पण त्या क्षणी त्याला एवढंच दिसलं, की भाऊ आपला जीव घेतोय. मग एक हिसका बसला आणि कलणं थांबलं. त्याने पट्टा सोडवला. खाली उतरताना तोंड चालूच होतं.

"हरामखोरा, हात तोडीन तुझे. एका ताटात जेवलास ना रे माझ्यासोबत? थांब, खाली येऊ दे मला."



पाय जमिनीला लागताच तो पाना उगारून कुंपणातून घुसला. सेल्मोची म्हैस मोकळी सुटून भाजीच्या वाफ्यात चरत होती. तिच्या गळ्यात दोराचा तुकडा लोंबत होता. कार्पिंगचं तिकडे लक्षही गेलं नाही.

खुंट्याची सळई जमिनीलगत गंजून तुटली होती. तारेच्या कडीत म्हशीचा कापलेला दोर ओवला होता, त्याचा नारळाला वेढा होता, आणि उरलेलं टोक सेल्मोच्या कमरेभोवती. नारळाच्या बुंध्याला पाय रोवून तो मागे रेलला होता. तळहातांतून रक्त गळत होतं.

कार्पिंग बघत राहिला. मग त्याने पाना टाकला, दोर धरला आणि बुंध्याला आणखी वेढे देऊन गाठ मारली. राग मात्र जागच्या जागी होता.

"पडू द्यायचास की," तो ओरडला. "मनोरा पाडायचाच होता ना तुला?"

"तू होतास ना वर."

"मग एवढं सगळं कशासाठी केलंस? या म्हशीसाठी?"

तेवढ्यात फिना धावत आली. नवऱ्याकडे न बघता ती दिरापाशी बसली आणि डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या हाताला गुंडाळू लागली. सेल्मोने हात मागे घेतला आणि वहिनीकडे बघितलं.

"मनाय, तार काढायला मला कोणी लावलं ते आता तूच सांग त्याला. मनोयच्या शिव्या खायची माझ्यात ताकद नाही उरली."