लाल पातळातली बाई

“पेंटर, बाई तेवढी राहिलीय बघा! मी जेवून येतो, तोवर उरकून टाका.” असं जिन्यातूनच ओरडून अमरसिंह खाली गेले.

आकाराम पेंटरांनी ब्रश लाल रंगात बुडवला. गगनबावड्याचा डोंगर, दरीतून वर येणारं धुकं, उतारावरचं हिरवंगार गवत, सगळं झकास जमलं होतं. आता त्या उतारावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली, लाल पातळातली चिमुकली बाई आली की काम फत्ते. ही बाई त्यांच्या प्रत्येक निसर्गचित्रात असायची. कोल्हापुरात त्यांची ओळखच ती. कुणी विचारलं तर म्हणायचे, “लाल ठिपक्याशिवाय हिरवा उठत न्हाय.” गिऱ्हाइकांना ते पटायचं. अमरसिंहांना तर फारच. तो डोंगर त्यांच्या आजोबांचा. आता तिथं त्यांचं हॉटेल उभं राहत होतं आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर हे चित्र लागणार होतं. एवढं मोठं काम पेंटरांना उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं.

बाई काढून होतेय तोवर मागं आई येऊन उभी राहिली. धोंडुबाई मोतीबिंदू काढायला गावाकडनं आली होती, आणि नवी नजर मिळाल्यापासून घरातली एकही गोष्ट तिच्या तपासणीतून सुटत नव्हती. कालच तिनं सुनेला पंख्यावरची धूळ दाखवली होती. आता ती चित्राला नाक लावून बघू लागली.

“आक्या, ही मी की रं!”

पेंटरांनी मान डोलावली. आईसमोर खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

“अमरसिंगाच्या आज्याच्या गोठ्यात न्यायची मी भारा. मान मोडून यायची.” म्हातारी हसली. “लई ग्वाड काढलंयस. पर एवढी चित्रं काढलीस, एकात बी मला खाली बसवलं न्हाईस व्हय रं?”

पेंटरांनी ब्रश खाली ठेवला. लहानपणी ते बांधावर बसून तिची वाट बघायचे. लांबून ती अशीच दिसायची, सुंदर. जवळ आली की मग घाम दिसायचा, थरथरणारे पाय दिसायचे. ते त्यांनी कधी काढलंच नव्हतं. त्यांनी फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवलं आणि ओली बाई हलक्या हातानं पुसून टाकली.

अमरसिंह आले आणि बघतच राहिले.

“अहो, बाई कुठाय? तिच्याशिवाय ते आमचं रान वाटंल तरी का? बाई नसली तर मी चित्र नेत न्हाय बघा!”

“मग ऱ्हाऊ दे, दादा,” पेंटर म्हणाले. “बाई दमलीया. आत बसून चहा पितीया.”