तरीही पुढे जा

"ताई, पुन्हा ते लाल पान आलंय," नोंदणीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "हे यंत्र ओळखीचं नाही म्हणतंय."

"खाली 'तरीही पुढे जा' लिहिलंय ना, ते दाबा. मी आहे."

बाईंनी बिनदिक्कत दाबलं. दोन दिवसांत अख्ख्या हॉस्पिटलला ते बटण पाठ झालं होतं.

कारण साधं होतं. रुग्णांचे एक्स-रे आणि कागद ज्या साठवणीत राहतात, ती चालवणाऱ्या यंत्राचा, म्हणजे कंट्रोलरचा, नेटवर्कवरचा पत्ता संगणक सांभाळणाऱ्या या ताईने सोमवारी बदलला होता. सुरक्षेच्या प्रमाणपत्रावर मात्र अजून जुनाच पत्ता होता. घर बदलून ओळखपत्र तसंच ठेवलं, तर दारावरचा माणूस अडवणारच. नवं प्रमाणपत्र करायला दहा मिनिटं लागतात. तिने दोन दिवस घालवले, आणि मुद्दाम घालवले.

तिला मोठ्या डॉक्टरांचा पासवर्ड हवा होता.

आठ वर्षांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी एका शिक्षिकेचं बिघडलेलं मूत्रपिंड ठेवून चांगलं काढलं. बाई वर्षभरात गेल्या. एक्स-रे तिच्या दादाने काढला होता. त्यानेच डावी-उजवीची खूण उलटी लावली असणार, अशी कुजबुज झाली आणि त्याची नोकरी गेली. मूळ एक्स-रे सापडत नाही, असं सांगून डॉक्टरांनी हात झटकले. तेव्हापासून दादा घरात बसून होता. विषय काढला की म्हणायचा, "मिटलंय ते. उकरू नकोस."

इतकं कशाला सोसायचं माणसाने? तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी तीच इथल्या संगणकांच्या कामाला लागली. पहिल्याच महिन्यात साठवणीत एक कुलूपबंद फोल्डर दिसला. डॉक्टरांच्या एकट्याच्या नावावर, तारीख नेमकी त्या आठवड्याची. त्या दिवशी ती घरी गाणं गुणगुणत गेली.

पत्ता बदलण्याचं काम आलं तेव्हा तिने रिकामा झालेला जुना पत्ता गुपचूप आपल्या लॅपटॉपला दिला. त्यावर पासवर्ड विचारणारं हुबेहूब तसंच पान उभं केलं. तिथे टाइप केलेला पासवर्ड थेट तिच्याकडे येणार होता. मोठ्या डॉक्टरांच्या संगणकात तेवढा जुनाच पत्ता राहू दिला.

बुधवारी दुपारी ती त्यांच्या खोलीत गेली.

"सर, तुमचं तेवढं तपासायचं राहिलंय. एकदा उघडता?"

लाल पान आलं. डॉक्टर थबकले. "हे दाबायचं?"

"सगळे तेच दाबतात, सर."

त्यांनी दाबलं. दोन बोटांनी सावकाश पासवर्ड टाइप केला. "चुकलं म्हणतंय."

"असू दे. नवं प्रमाणपत्र लावलं की होईल सुरळीत."

ती वळणार, तेवढ्यात ते म्हणाले, "तू त्याची धाकटी ना? कसा आहे तो? तब्येत जपतो ना?"

काय निगरगट्ट माणूस! तिने ओठांवर हसू आणलं. "जपतो."

"एकदा भेटायला ये म्हणावं."

"येईल की, सर. मानाने घेऊन येणार आहे मी त्याला."

खाली यंत्रांच्या खोलीत येऊन तिने दार लावलं. नवं प्रमाणपत्र चढवलं की कंट्रोलर सगळ्यांची जोडणी तोडून नव्याने सुरू होणार होता. त्याआधीच हात मारायला हवा होता. पासवर्ड टाकला आणि फोल्डर उघडला. आत दोनच फाइली होत्या, एक एक्स-रे आणि एक कागद.

तिने स्वतःला आधीच बजावलं होतं, आधी पाठवायचं, मग वाचायचं. वाचत बसलं की माणूस कच खातो. ईमेलचे पत्ते तयार होते. एक, आठ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या शिक्षिकेच्या मुलाचा. दुसरा पोलिसांतल्या तपास अधिकाऱ्याचा. दोन्ही फाइली दोघांना गेल्या. मग तिने नव्या पत्त्याचं प्रमाणपत्र चढवलं आणि लॅपटॉपला दिलेला जुना पत्ता काढून टाकला.

पाच मिनिटांत खिडकीतल्या बाईंचा फोन आला. "ताई, गेलं हो लाल पान! जादू आहे तुमच्या हातात."

"आता कुणालाच अडवणार नाही ते," ती म्हणाली. तिला खरोखर मोकळं वाटत होतं. दादा उद्या मान वर करून चालणार होता, आणि वरच्या खोलीतला माणूस तोंड लपवणार होता.

खुर्ची ओढून ती निवांत बसली. एक्स-रे पाहिला. खूण खरंच उलटी होती. तिच्या कपाळाला आठी पडली. तिने कागद उघडला. हाताने लिहिलेला होता आणि ते अक्षर तिच्या शाळेच्या प्रत्येक वहीवर होतं.

"डॉक्टरसाहेब, खूण मीच उलटी लावली. त्या सकाळी मी पिऊन आलो होतो. जी शिक्षा होईल ती भोगेन, पण धाकटीचं शिक्षण व्हायचंय. तिला कधीच कळू देऊ नका."