चार बोटं वर

मोसेलबाय गावाच्या समुद्रकिनाऱ्यावर दर शनिवारी सगळ्यांत लांब गळ जायचा तो बुटक्या बेरेंड म्हाताऱ्याचा, आणि सगळ्यांत जास्त टोमणे खायचा तो त्याचा उंचाडा जावई विकुस.

बाकीचे गळवाले म्हणायचे, "काय जावईबापू, सासऱ्याचा गळ खोल पाण्यात आणि तुमचा खेकड्यांच्या पंगतीला! एवढे लांब हात काय निखाऱ्यांवर मांस परतायला दिलेत देवानं?"

एकदा म्हातारा आमिषासाठी तारली कापत बसला होता. विकुसनं त्याच्या रॉडवरचं दोरी गुंडाळायचं रीळ गुपचूप चार बोटं वर सरकवलं आणि घट्ट आवळून टाकलं. तिथं जो तो रीळ आपल्या हातांच्या मापानं बसवतो; हात जितके लांब, तितकं रीळ वर. माप चुकलं की फेकीतला जोरच जातो.

त्या दिवशी म्हाताऱ्याचा गळ दर वेळी काठच्या लाटांच्या फेसातच पडला. त्यानं रॉडकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि सामान आवरलं. पुढच्या शनिवारी तो आलाच नाही.

विकुसला घास गोड लागेना. शेवटी सगळं कबूल करायचं ठरवून तो सासऱ्याच्या दारात उभा राहिला.

"पा, ते तुमच्या रिळाचं..."

"माहीत आहे मला," असं म्हणत म्हाताऱ्यानं तोच रॉड आणून त्याच्या हातात ठेवला.



"रीळ तुझ्या हातांच्या मापाला लावलंस, तेव्हाच ओळखलं मी. अरे वेड्या, माझा रॉड हवा होता तर तोंडानं मागायचास! बापाकडे मागायला लाज कसली?"