भुर्जीत हिंग

बशीतली भुर्जी निवून गेली, तरी रूपलने तिला हात लावला नव्हता.

"दोनच अंड्यांची हाय गो," दमयंती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी तुज्यासमोरच सांगितलं ना? बारा ग्राम प्रोटीन. तेल-कांद्यासकट दोनशे-सव्वादोनशे क्यालरी. दूध तुला पचत नाय, नुसत्या डाळीनं भागत नाय. पोटातल्याचं वजन कशानं भरायचं?"

प्रोटीन आणि कॅलरी हे शब्द दमयंतीच्या तोंडी कालपासूनच आले होते. बोईसरच्या दवाखान्यातून तारापूरला परतताना, विसरायला नकोत म्हणून, तिने ते रिक्षात पुटपुटत पाठ केले होते.

"हो, आई," रूपल म्हणाली, आणि बशीकडे नुसती पाहत राहिली.

दमयंतीचा धीर सुटला. "तू या घरात आलीस तेव्हापासून तुजा तवा वेगळा, झारा वेगळा. मी कधी बोलले? बोंबील तळायचे तर मागच्या पडवीत जाऊन तळते. सून शाकाहारी, असू दे. पण आता पोटात आमच्या नीलेशचं पोर हाय. येवढी किळस येते आमच्या घरच्या खाण्याची?"

"किळस नाही येत." रूपलने मान वर केली. "खरंच नाही. तुम्ही बोंबील तळता ना, तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटतं."

"मग?"

रूपलने बशी थोडी पुढे ढकलली, थोडी मागे घेतली.

"मी लग्नासाठी घर सोडलं ना, तेव्हा मम्मी म्हणाली, त्यांच्याकडचं मासमच्छी, अंडं तोंडाला लावलंस तर माझ्या माठाला हात लावायचा नाही." तिने बोटाने बशीची कड पुसली. "म्हणून लावलं नाही. कधी तिने बोलावलंच, तर सरळ स्वयंपाकघरात जाता येईल."

बाहेर वाडीत चिकू उतरवणाऱ्या बायांची हसण्या-बोलण्याची गडबड चालली होती. दमयंती खाली पाटावर बसली. इतके दिवस ती ज्याला पोरीचा तोरा समजत होती, तो तोरा नव्हताच.

"फोन करतेस तिला?"

"दर रविवारी. उचलत नाही." मग घाईघाईने रूपल म्हणाली, "पण कापतही नाही हां. शेवटपर्यंत वाजू देते."

"नंबर सांग."

"आई, नको."

"सांग म्हणते ना."

दमयंतीने एकेक आकडा दाबला. रूपलचं माहेर बोईसरला, रिक्षाने अर्ध्या तासावर. नीलेश कामाला जाता-येता त्यांच्या दुकानावरूनच जायचा. पण या घरातून त्या घरात एक शब्द कधी गेला नव्हता.

"हां, कोण?" पलीकडून बाईचा आवाज आला.

"मी रूपलची सासू बोलते. तारापूरवरून."

 फोन कापला गेला नाही. तिकडे कुकरची शिट्टी झालेली दमयंतीला ऐकू आली. आता पुढे काय बोलावं ते तिला सुचेना, म्हणून जे पाठ होतं ते सगळं ती बोलून गेली. सहावा महिना, बाळाचं वजन, बारा ग्राम प्रोटीन, क्यालरी. "पोरगी खात नाय ओ. तुमचा शब्द धरून बसलीय. तुमी एकदा खा म्हणा."

 मग तो आवाज आला, पण एकदम खालचा, शेजारच्या खोलीत कुणीतरी असावं तसा.

"लसण घातला काय त्याच्यात?"

"घातला की."

"लसण नको. तेलात हिंग टाका, जास्ती. नी पहिला घास डोळे मिटून घ्यायला सांगा. तो पहिलाच जड जाते. मग काय नाय वाटत."

"तुमी..." दमयंती म्हणाली, पण फोन बंद झाला होता.

रूपल ओट्याला धरून उभी होती. "काय म्हणाली? ये म्हणाली?"

खोटं बोलावंसं दमयंतीला फार वाटलं.

"तसं नाय म्हणाली गो. हिंग टाका म्हणाली. आणि पहिला घास डोळे मिटून घे म्हणाली. पहिलाच जड जातो म्हणे."

"मम्मी म्हणाली? असं?"

"असंच."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग दमयंतीने ती निवलेली बशी उचलून बाजूला ठेवली.

भुर्जीत हिंग दमयंतीने जन्मात घातला नव्हता. तेल तापल्यावर तिने चांगला चिमूटभर टाकला, आणि त्या घरात कधी नव्हता असा वास उठला. अंडी आणायला गेलेली रूपल दारातच थबकली.

"मम्मीकडे डाळीला असाच वास येतो," ती म्हणाली.

कांदा, टोमॅटो, हळद, तिखट, वर दोन अंडी. दमयंतीने बशी तिच्यासमोर ठेवली आणि उगाचच पाठ फिरवून ओटा पुसू लागली.

जरा वेळाने तिने वळून पाहिलं. रूपलने डोळे घट्ट मिटले होते. तोंडातला घास ती चावत नव्हती, नुसता धरून बसली होती. मग तिने तो गिळला. चाचपडत दुसरा घेतला. मग तिसरा. डोळे मिटलेलेच.

"अगो, पहिल्याच घासाला सांगितलं होतं," दमयंती म्हणाली. "उघड की आता."

"थांबा ना, आई," रूपल तशीच बसून म्हणाली. "आत्ताच तर घरात शिरलेय."